स्पीकरखालचा पाटा

ये गं, कागदातनं का होईना, अशी जवळ सरक. दारात उभं राहून बोलायची ही कुठली तुझी रीत? मागच्या खेपेला आलीस ती उभ्या उभ्या चहा पिऊन गेलीस, आणि जाताजाता काय केलंस ते तुला आठवतही नसेल. पाण्याचा ओला तांब्या स्पीकरवर ठेवलास. लाकडावर! त्याचा गोल डाग अजून तिथं आहे, आलीस की दाखवते. वर तुझ्या काकांना म्हणालीस, "काका, काय आवाज आहे हो! आणि खालचे हे काळे दगड तर काय शोभतायत!" हे खुलले, आणि मी आत निघून गेले. तू गाडीत बसल्या बसल्या तुझ्या आईला फोन लावलास, मावशीचं काहीतरी बिनसलंय म्हणून. बहीण आहे माझी, तिनं मला लगेच सांगितलं.

बिनसलंय खरं, पण तुझ्यावर नाही. फोनवर सांगायला गेले तर हे शेजारच्या खोलीत असतात आणि माझा आवाज तुला माहीत आहे, साखर कारखान्याचा भोंगा परवडला. म्हणून लिहून काढते. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली बाई मी. तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तर ते काळे दगड म्हणजे माझा पाटा आहे. सासूबाईंनी दिलेला, वाटणाचा पाटा. मधोमध कापून त्याचे दोन केलेत. तुझ्या काकांनी कापून आणला, मला न सांगता, आणि चार-पाच महिने मी त्याच दगडांची तारीफ करत बसले. झालं, सांगून टाकलं. आता पहिल्यापासून ऐक, आणि मध्येच "पण काका तसे चांगले आहेत" म्हणू नकोस. चांगले आहेत. म्हणूनच तर इतकं लागलं.

तुझे काका उद्यमनगरातल्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभे राहिले. लोखंड कातायचं काम. त्या मशिनींनी त्यांचा निम्मा कान खाल्ला. बारीक आवाज त्यांना येतच नाही. पातेल्याचं झाकण पडलं तर मी दचकते, हे पेपर वाचत बसतात. पण गाण्याचं वेड असं की बोलायची सोय नाही. आणि माझं म्हणशील, तर माझा जन्मच राधानगरीकडच्या गावात, भजनी माणसाच्या घरात झाला. तुझे आजोबा पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, तेव्हा त्यातनं तो घुमारा निघतो. ती कणीक मळायचं काम माझं. सैल झाली की आवाज पसरतो, घट्ट झाली की गुदमरतो. वडील थाप मारायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी मान हलवली की भजन सुरू. सात-आठ वर्षांची असेन, पण तो मान काय होता, विचारू नकोस.

लग्न झाल्यावर ह्यांना कळलं की बायकोला कान आहे. तेव्हापासून टेप घ्यायचा असो, रेडिओ दुरुस्त झाला का बघायचं असो, हे मला समोर बसवणार. "तू आयक आणि सांग." दुकानदार हसायचा. "पावणं, वहिनींना काय कळतंय त्यातलं?" हे म्हणायचे, "तिलाच कळतंय. मला कळत असतं तर तिला कशाला आणलं असतं?"

अशा माणसाला हे मोठे स्पीकर मिळाले. ओळखीचे एक गृहस्थ फ्लॅटमध्ये राहायला निघाले, त्यांना जागा नव्हती. गुडघ्याच्या वर येतील एवढी दोन सागवानी खोकी. हे ती अशी उतरवून घेत होते, जसं काही नवी सून उतरतेय. लगेच फरशीवर ठेवली, तारा जोडल्या, भजन लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"कसं वाटतंय?"

"रांजणात तोंड घालून गायल्यागत."

ह्यांचा चेहरा पडला. पण चिडले नाहीत. वाकून खोक्याखाली हात घातला, फरशीला हात लावला आणि म्हणाले, "फरशीच घुमतीय. खालनं उचलायला पाहिजे."

तिथनं आमचं सुरू झालं. स्पीकरच्या खाली काय घालायचं. तुला हसू येईल, पण वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आधी प्लास्टिकची स्टुलं घातली. गाणाऱ्यानं वरची पट्टी धरली की स्टूल पण तोंड घालायचं, खर्रर्र. मग हे ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे घेऊन आले. रबर घातलं आणि आवाज मऊ पडला, भिजलेल्या पापडासारखा. वर फरशीला काळे डाग पडले, ते मी अजून घासतेय. मग मलाच शहाणपण सुचलं. म्हटलं, "पखवाजाला चालती ती स्पीकरला का चालू नये?" आणि चांगली घट्ट कणीक मळून आठ गोळे केले, दोन्ही खोक्यांच्या चारी कोपऱ्यांखाली दाबून बसवले. आवाज खरंच सुधारला बघ! दोन दिवस मी मान ताठ करून फिरत होते घरात. तिसऱ्या दिवशी सकाळी तांबड्या मुंग्यांची रांग दारातनं सरळ स्पीकरच्या आत.

हे पोट धरून हसले. "भजनी मंडळाची पोरगी! आता मुंग्यांची फुगडी बघा तालावर."

"बघा की. तुमच्या रबरापेक्षा बरं. त्याला मुंगीनंसुद्धा विचारलं नव्हतं."

मग हे म्हणाले, टोकदार पाय पाहिजेत. जितकी कमी जागा टेकेल, तितकं फरशीला कमी कळेल. निवृत्त होऊन किती वर्षं झालेली, तरी गेले जुन्या कारखान्यात, तिथल्या लोकांना दोन शब्द गोड बोलले आणि स्वतः लेथवर उभे राहून पितळेचे पाय कातायला घेतले. भोवऱ्याला आर असते ना, तसे. जाताना म्हणाले, आठ करतो, चार-चार. मी म्हटलं, "चार कशाला? एक कायम अधांतरी राहील. चुलीला तीन दगड का असतात? तीनांवर ठेवलेलं भांडं कधी डुगडुगत न्हाय."

ते दारात थांबले. चपलेत एक पाय घातलेला, एक बाहेर.

"जन्म गेला मशिनीवर," म्हणाले, "आणि हे माझ्या डोक्यात आलं न्हाय."

हे मी तुला मुद्दाम सांगते. त्या दिवशी मी दिवसभर एकटीच हसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी कधी दागिन्यानं मला एवढं खूष केलं नव्हतं. ते काम आमचं दोघांचं होतं. त्यांचे हात आणि माझा कान.

सहा पाय आले. टोकानं फरशी फुटू नये म्हणून प्रत्येकाखाली एकेक जुनं नाणं ठेवलं. आवाज असा मोकळा झाला की गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला ते कळावं. पण आमचं घर बावड्यात, साखर कारखान्याच्या रस्त्यावर. ऊस सुरू झाला. ट्रॅक्टर आणि मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर त्यांची ती गाणी. एक गेला की अख्खी फरशी थरथरायची, नाणं सरकायचं, स्पीकर हळूहळू फिरायचा. एका संध्याकाळी बघते तर उजवा स्पीकर भिंतीकडं तोंड करून उभा, रुसल्यासारखा. हसलो आम्ही दोघं. पण जेवताना हे भाकरी मोडत म्हणाले, "खाली जड पाहिजे कायतरी. जागचं हलणार न्हाय असं. त्याच्यावर पाय."

"मग दगड घाला."

"कसला दगड?"

आता ऐक. हे मीच बोलले, माझ्याच तोंडानं. "काळा. घट्ट. त्याला स्वतःचा नाद नसावा. आपला पाटा बघा की, इतकी वर्षं त्याच्यावर आपटतोय, कधी जागचा हलला का?"

ह्यांनी ताकाचा पेला उचलला, आणि मागच्या दाराकडं बघत प्यायले.

पाटा मागच्या अंगणात नळाशेजारी असायचा. तू लहानपणी त्याच्यावर बसून आंघोळ करायचीस आणि मी ओरडायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम दिलं ते मिरचीचा खर्डा वाटायचं. वरवंटा हातातनं सुटला आणि पाट्याचा कोपरा उडाला, करंगळीच्या नखाएवढा. मला वाटलं, संपलं आता. सासूबाई वाकल्या, तो टवका उचलून बघितला आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता तुझी खूण झाली ह्याच्यावर." कडक बाई होत्या, पण एवढं एक वाक्य त्यांनी मला दिलं, ते मी जपून ठेवलंय.

त्याच पाट्यावर आमच्या लेकीची पाचवी पुजली. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. ह्यांची स्वतःची पाचवीसुद्धा त्याच पाट्यावर झालेली. मिक्सर आला, माझे गुडघे गेले, रोजचं वाटण मिक्सरवर गेलं. पण सणाचं पुरण मी पाट्यावरच वाटत होते. एकच तक्रार होती. पाटा वापरून गुळगुळीत झाला होता, त्याला टाकी लावायला झाली होती. छिन्नीनं बारीक बारीक टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करायचा असतो. पूर्वी पाथरवटाच्या बायका दारोदार ओरडत यायच्या, आता कोण येतंय? मी चार वर्षं ह्यांच्या मागं लागले होते, कुणीतरी शोधा, टाकी लावून आणा. हे "व्हय, व्हय" म्हणायचे.

आषाढातली गोष्ट. सकाळी मागं गेले तर नुसता वरवंटा, भिंतीला टेकवून ठेवलेला.

"आवो, पाटा कुठं गेला?"

हे आरशासमोर दाढी करत होते. वळलेसुद्धा नाहीत. "टाकी लावायला दिलाय. तू म्हणत हुतीस न्हवं?"

मला काय झालं सांगू! माझे गुडघे दुखायचे थांबले. चार वर्षं मी म्हणत होते आणि ह्या माणसानं, न बोलता, सकाळी उठून, तो जड दगड रिक्षात घालून नेला होता. तुझ्या आईला लगेच फोन केला मी, विचार तिला. म्हटलं, "म्हातारपणी का होईना, नवरा ऐकायला लागला गं." ती म्हणाली, "नशीबवान आहेस." दोघी हसलो. वरवंटा एकटा ठेवायचा नसतो, पाट्याची न् त्याची जोडी असते, म्हणून मी तो धुऊन आत आणला आणि पोत्याची घडी करून तिच्यावर निजवला. रोज येताजाता सांगायची त्याला, येईल हां, येईल.

आठ-दहा दिवसांनी ह्यांनी दोन काळे दगड आणले. चौकोनी, सारख्या मापाचे, वरून आरशासारखे घासलेले, कडा गोल मारलेल्या. "कडाप्प्याच्या दुकानात मिळाले," म्हणाले. स्पीकर उचलून खाली एकेक दगड बसवला, त्यावर पितळेचे पाय, त्यावर खोकी. आणि मला समोर बसवलं. "तू आयक आणि सांग."

भजन लावलं. पखवाजाची पहिली थाप पडली आणि मला कणीक ऐकू आली. खोटं नाही सांगत. ती ओली थाप, वडिलांच्या तळहाताची, मनगटापर्यंतची. माझ्या बोटांना ती कणीक लागल्यासारखी झाली. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. म्हटलं, "आता बाई आवाज जमिनीवर उभा राहिला. असा मी जन्मात ऐकला नव्हता." ह्यांनी पण डोळे पुसले. मला वाटलं, माझ्यासारखंच भरून आलंय त्यांना.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. येईल त्या बाईला ते दगड दाखवले. रोज ओल्या फडक्यानं पुसले. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला हे आपली हत्यारं पुजतात ना, पकडी, कानस, मायक्रोमीटर, तेव्हा मी स्पीकरलापण हळदकुंकू लावलं, आणि खालच्या दगडांनाही. झेंडूची दोन फुलं ठेवली. आणि ह्यांना म्हटलं, "आज पाटा घरात असता तर त्यालाबी लावलं असतं हो. कधी देणार तो पाथरवट?"

हे हात जोडून उभे होते. म्हणाले, "देईल की. त्याचा हात दुखावलाय."

पाट्यासमोर उभं राहून म्हणाले. हात जोडून.

त्याआधी पाथरवट गावी गेला होता. त्याआधी पाऊस होता. मग हात दुखावला. मी त्या पाथरवटाची काळजी करायचे गं! ह्यांना म्हणायचे, त्याला घाई करू नका, बिचाऱ्याचं पोट हातावर.

मग लेक बाळंतपणाला आली, नवव्या महिन्यात. डोहाळजेवणाला पुरण मिक्सरमध्ये फिरवलं, ते चिकट झालं. मी म्हटलं, पाटा असता तर बघितलं असतंस. तिनं बापाकडं बघितलं, बापानं ताटाकडं. मी दोघांना आणखी एकेक पोळी वाढली.

दिवाळीनंतर नात झाली. गोरीपान, डोकंभर जावळ, अगदी तुझ्या आईच्या वळणावर. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी ह्यांना म्हटलं, "आज पाचवी. झाला असंल नसंल, टाकी लागली असंल नसंल, पाटा घेऊन या."

"उद्या आणला तर?"

"पाचवी पाचव्या दिवशी असती. उद्या सहावा."

"शेजारनं आणूया की एखादा."

"स्वतःचा असताना मागून आणायचा? कुठं दिलाय ते सांगा, मी रिक्षा करून जाते. त्याचा हात दुखावलाय, माझे धड आहेत."

हे खुर्चीत बसले. बसले म्हणजे बसलेच. मी पदर खोचून, पिशवी घेऊन उभी. पत्ता विचारला. उद्यमनगर का? नाही. मग कुठं? तेवढ्यात आतल्या खोलीतनं, बाजेवरनं, लेकीचा आवाज आला. हळू, पण मला आला.

"बाबा, सांगा की आता तिला."

तिला. म्हणजे मला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून.

हे उठले. उजव्या स्पीकरला मिठी मारून तो बाजूला उतरवला, पितळेचे पाय आणि नाणी उचलून ठेवली, आणि तो दगड दोन्ही हातांनी उलटा केला. खालच्या अंगाला जुन्या टाकीचे टोचे होते, निम्मे झिजलेले. टोच्यांत पिवळी हळद बसलेली, कितीही धुतलं तरी न जाणारी. आणि एका कोपऱ्यावर करंगळीच्या नखाएवढा टवका.

मी पिशवी खाली ठेवली. त्या टवक्यावर बोट ठेवलं. आधी बोलले ते तुझे काकाच.

"दोन्हीखाली सारखंच पाहिजे हुतं. एकाच दगडाचं. एक जड, एक हलका झाला तर आवाज एकीकडं पडतो."

"मला विचारलं असतं तर?"

"तू न्हाय म्हणाली असतीस."

बघ, असं उत्तर. त्यांना ठाऊक होतं मी नाही म्हणेन. म्हणून विचारलं नाही.

"वर्षात चारदा तर बसतीस पाट्यावर," म्हणाले. "गुडघं दुखत्यात तुझं. आणि तूच म्हणालीस पाट्यासारखा दगड पाहिजे. तूच म्हणालीस, असा आवाज जन्मात ऐकला न्हाय."

आतनं लेक म्हणाली, "आई, शेवटी दगडच तर आहे. बाबांनी किती हौसेनं केलंय."

"तुला कधी कळलं?"

"आल्या आल्या. पाटा जागेवर नाही आणि इथं दोन नवे काळे दगड, मी ओळखला. बाबा म्हणाले, आईला नको सांगूस, ती खूष आहे."

खूष होते ना. तेच तर. माझ्या कानावर ह्या माणसाचा इतका विश्वास की दुकानदाराशी भांडायचे. आणि तोच कान धरून मला समोर बसवलं, माझ्याकडनंच माझ्या पाट्याला शंभर गुण देऊन घेतले. मी मान हलवली आणि भजन सुरू झालं. वडील बघायचे माझ्याकडं तेव्हा त्यांना खरं काय ते हवं असायचं. ह्यांना त्या दिवशी माझ्याकडनं सुटका हवी होती.

आणि ती सकाळ, दाढी करतानाची. दगड एकवेळ गेला म्हणेन. पण "टाकी लावायला दिलाय" ऐकून मी जी घरभर नाचले, फोन केला, वरवंट्याशी बोलले, ती सगळी बाई खुळी ठरली. तिला आता मी कुठं ठेवू?

संध्याकाळ झाली. नातीची पाचवी थांबणार नव्हती, तिचा काय दोष? मी ह्यांना म्हटलं, "दोन्ही आणा. खरखरीत बाजू वर करा." त्यांनी आणले. देवाच्या खोलीत दोन्ही तुकडे एकमेकांना लावून मांडले. लागतात कुठं? कापलेल्या कडा ह्यांनी घासून गोल मारून घेतलेल्या, मध्ये बोटभर फट. हळदीचं पाणी शिंपडलं ते फटीतनं खाली गेलं. मी तशीच उठले, स्वयंपाकघरात गेले, मूठभर कणीक घेतली आणि मळली. घट्ट, पण गुदमरणार नाही अशी. ती फटीत भरली, बोटानं सारखी केली. वर वरवंटा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. लेकीला बाहेर आणून नमस्कार करायला लावला. हे दाराशी उभे होते, आत यायचं का नाही ते न कळून. मी या म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कणीक वाळून तडकली. मी ती काढून टाकली आणि ह्यांना सांगितलं, "न्या, ठेवा परत स्पीकरखाली. आता त्याच्यावर दुसरं काय होणार?" त्यांनी ठेवले. मग आठवड्यानं बाजारातनं नवा पाटा आणला, वरवंट्यासकट. गुळगुळीत, करड्या रंगाचा, कुणाच्या घरचा म्हणून नाही. तो मागं नळाशेजारी आहे. त्याच्यावर मी कपडे धुवायचा साबण ठेवते. माझा जुना वरवंटा पोत्याच्या घडीवरच आहे. आता मी त्याला काही सांगत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात गाणं नाही. म्हणजे मी बंदी घातलेली नाही हां, उगाच माझ्या नावावर लावू नकोस. पूर्वी सकाळचा चहा झाला की मी म्हणायचे, "लावा की." तेवढंच. ते मी आता म्हणत नाही, आणि मी म्हटल्याशिवाय हे लावत नाहीत. चहा पितात, थोडा वेळ माझ्याकडं बघतात, मग उठून फडकं ओलं करून ते दगड पुसतात. पूर्वी मी पुसायची, आता ते पुसतात. परवा म्हणाले, "चुकलं माझं." मी ऐकलं. निम्मा कान त्यांचा गेलाय, माझा नाही. पण काय उत्तर द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. बरं आहे म्हणावं तर बरं नाही. भांडावं तर भांडायला लागतो तो जोर येत नाही. लेकीशी बोलते मी, नातीचं सगळं करते. पण आता तिनं "आई, भाजी छान झालीय" म्हटलं तरी मनात येतं, खरंच झालीय का?

आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? आवाज चांगला आहे. तू खोटं बोलली नव्हतीस. तू आलीस त्या दिवशी ह्यांनी तुझ्यासाठी म्हणून लावलं, पाहुण्यांसमोर लावायचं नाही असं तर काही ठरलेलं नव्हतं. मी आत गेले, कुकर लावायचं निमित्त केलं, पण कुकर लावला नाही. ओट्याला टेकून सगळं ऐकलं. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, भांडी वाजली, पण पखवाज जागचा हलला नाही. माझ्या पाट्यावर उभा होता ना. राग येत होता आणि कान तिकडंच होता. शेवटची थाप पडली तेव्हा माझी मान आपोआप हलली. कुणी बघितलं नाही.

म्हणून म्हणते, ये. तुझ्या आईलाही घेऊन ये, हातकणंगल्याहून असं कितीसं लांब आहे? येताना काही आणू नकोस. फक्त बसायला ये, उभ्या उभ्या नको. चहा झाला की तूच तुझ्या काकांना म्हण, "लावा की." मला म्हणायला लावू नकोस. मी स्वयंपाकघराच्या दारात बसेन भाजी निवडत. आणि तांब्या खाली ठेव बाई, जमिनीवर. ऊस संपायच्या आत ये, लवकर ये.